थोरल्या बहिणीची खबर

पेणला नेमणूक असतानाचं एक प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. खून, दरोडे, रुळांवर सापडलेली अनोळखी प्रेतं, सगळं हळूहळू पुसट होत गेलं, हे मात्र झालं नाही. यात खून नव्हता की मारामारी नव्हती. दोन सख्ख्या बहिणी होत्या आणि फ्रिजमध्ये ठेवलेली चॉकलेटं होती. नावं कुणाचीच सांगणार नाही. थोरली आणि धाकटी, एवढं पुरे.

थोरली ठाण्यात आली ती सकाळी अकराच्या सुमारास. वय चाळिशीच्या आतलं, नीटनेटकी साडी, हातात कापडी पिशवी. ठाणे अंमलदाराने काय काम म्हणून विचारलं तर म्हणाली, "मोठ्या साहेबांनाच सांगेन." माझ्यासमोर बसल्यावर तिने पिशवीतून स्टीलचा छोटा डबा काढून टेबलावर ठेवला. आत हिरव्या चकचकीत कागदात गुंडाळलेलं एकच चॉकलेट होतं.

"साहेब, यात नशा हाय. माझी बहीण बनवते. इथं पेणमध्येच."

"सख्खी बहीण?"

"सख्खी. पाठची."

ती स्वतः रोह्याला राहत होती. नवरा तिथल्या एका कंपनीत कामाला. माहेर पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातलं. धाकटीचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता, मूलबाळ नव्हतं. ती पेणात भाड्याच्या खोल्यांत राहून वाढदिवसाचे केक आणि चॉकलेटं करून विकायची. थोरलीचं म्हणणं असं, की शनिवारी ती बहिणीकडे गेली होती, तिथे फ्रिजमधली दोन चॉकलेटं खाल्ली आणि तिची अवस्था वाईट झाली. तोंड कोरडं पडलं, काळीज धाडधाड उडायला लागलं, छत अंगावर येतंय असं वाटायला लागलं. रोह्याच्या डॉक्टरने विचारलं, काही नशेचं पोटात गेलंय का? तो डॉक्टरचा कागदही तिने आणला होता. मी तो पाहिला आणि डब्याशेजारी ठेवला. नीट वाचला असता तर पुढचे तीन दिवस वाचले असते.

"तिच्याकडे कोण येतं-जातं?" मी विचारलं.

"कोण नाय. एकटीच करते." उत्तर प्रश्न संपायच्या आत आलं.

खबर देणारी माणसं बहुतेक घाबरलेली असतात, नाहीतर त्यांना काहीतरी हवं असतं. ही घाबरलेली नव्हती. बोलताना मध्येच ती म्हणाली, "लहानपणापासून तिचंच कौतुक साहेब. हमरापूरला गणपती रंगवायला जायची तेव्हा कारखानदार म्हणायचा, डोळे आखावेत तर हिनेच. आता चॉकलेटावर फुलं काढते तर अख्खं पेण वा वा करतंय. विधवा झाली तर लोकांना तिची कीव. आम्ही संसार ओढतो तो कुणाला दिसत नाय." हे सगळं चॉकलेटातल्या नशेशी कसं जोडलेलं आहे, हे तेव्हा मला कळलं नाही. बायकांचं नेहमीचं बोलणं म्हणून मी सोडून दिलं.

अंमली पदार्थांच्या कायद्यात पायरी चुकली की केस गेली. खबर लिहून काढली, स्टेशन डायरीला नोंद घातली, उपअधीक्षकांना लेखी कळवलं, दोन पंच बोलावले. वजनकाटा, लाख, सील, पाकिटं घेतली. सोबत महिला हवालदार. ती हमरापूरकडचीच, वीस वर्षं खात्यात काढलेली. सूर्य मावळायच्या आत झडती झाली पाहिजे म्हणून चार वाजताच निघालो.

धाकटीने दार उघडलं तेव्हा हाताला चॉकलेट लागलेलं होतं. झडतीच्या नियमाप्रमाणे तिला तिचे हक्क समजावून सांगितले. तिने ऐकून घेतलं, पंचांना पाणी दिलं आणि म्हणाली, "बघा काय बघायचं ते."

फ्रिजच्या वरच्या कप्प्यात सोनेरी कागदातली चॉकलेटं, एका मुलीच्या वाढदिवसाची ऑर्डर. वर फुगे काढलेले. खालच्या कप्प्यात हिरव्या कागदातली. आकार तोच, साचा तोच. मागच्या बाजूला लोणच्याच्या बरणीत लपवलेली एक छोटी काचेची बाटली, तीत काकवीसारखा दाट काळपट पदार्थ. गांजाचा अर्क. आजवर गांजा पोत्यांतून पकडला होता, पुड्यांतून पकडला होता. मुलांच्या खाऊशेजारी ठेवलेला पहिल्यांदाच पाहिला. मला राग आला तो त्या दोन कप्प्यांमधल्या वीतभर अंतराचा.

"हे काय आहे?"

"माझंच हाय," ती म्हणाली.

"कुणी आणून दिलं?"

"माझंच हाय. एकटीचं."

मुद्देमाल सील झाला, पंचनामा झाला, अटक झाली. नमुने न्यायसहायक प्रयोगशाळेला गेले. कोर्टाने चार दिवसांची कोठडी दिली. मोबाइलमधून एवढं निघालं, की शनिवार-रविवार मुंबईहून इकडच्या बंगल्यांवर येणारी मंडळी हिरव्या कागदाची ऑर्डर द्यायची. पण अर्क कुठून यायचा यावर धाकटी एक शब्द बोलायला तयार नव्हती. मी समजावलं, दम दिला, कायद्यातली शिक्षा वाचून दाखवली. ती खाली बघून ऐकायची आणि शेवटी तेच, "माझंच हाय साहेब." इतकी वर्षं आरोपींसमोर बसल्यावर एक कळतं. स्वतःला वाचवणारा माणूस खूप बोलतो. जो गप्प बसतो तो बहुधा दुसऱ्याला वाचवत असतो.

वाट दाखवली ती महिला हवालदाराने. तिसऱ्या दिवशी सकाळी ती धाकटीची ऑर्डरची वही आणि बाटलीचा फोटो घेऊन आली.

"साहेब, हे लेबल बघा. ही अक्षरं हिची नाय."

वहीत धाकटीचं गोल, वळणदार मराठी. बाटलीवर मात्र बारीक इंग्रजी अक्षरांत बॅच नंबर, लॉट, तारीख, खाली एक तिरकी रेघ.

"माझा भाऊ कंपनीत लॅबला हाय," हवालदार म्हणाली. "तो घरात मिठाच्या बरणीवर पण असंच लिहितो. सवय जात नाय त्यांची."

मी डॉक्टरचा कागद पुन्हा काढला. तारीख रविवारची, वेळ दुपारी साडेबाराची. आमच्या सरकारी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, असलं पोटातून घेतलं तर तास-दोन तासांत चढतं. म्हणजे थोरलीने चॉकलेटं शनिवारी पेणात खाल्लीच नव्हती. रविवारी सकाळी रोह्यात, स्वतःच्या घरी खाल्ली होती. मग ती चॉकलेटं तिच्या घरी आली कशी?

तिला पुरवणी जबाबासाठी बोलावलं. कागद समोर ठेवून मी एवढंच विचारलं, "तुमचे मिस्टर कंपनीत नेमकं काय करतात?"

तिने पदराचं टोक दुमडलं. मग म्हणाली, "लॅबमध्ये हायत."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी ओव्हरटाइम हाय म्हणून सांगतात. पण जातात पेणला. वाटेत निडीजवळ माझ्या मावसभावाने दोनदा बघितलं, मोटरसायकल पेणकडे. रविवारी सकाळी त्यांच्या पिशवीत ती चॉकलेटं सापडली. कागदात अशी सजवून ठेवलेली. माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली साहेब, मला कुणी कधी चॉकलेट नाय दिलं. मला वाटलं, तिने त्यांना दिलीत. म्हणून मी दोन खाल्ली, तिथंच उभं राहून. तिसरं तुम्हाला आणून दिलं."

"तुमचा संशय होता त्या दोघांवर?"

"संशय कसला. मला ठाऊकच होतं."

"मग पहिल्या दिवशी त्यांचं नाव का नाही सांगितलंत?"

तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "नवरा हाय साहेब. तिला आत टाका, तो आपोआप घरी बसेल."

नोकरीत मी पुष्कळ योजना ऐकल्या. इतकी सरळ आणि इतकी भयंकर योजना क्वचित ऐकली. पाठच्या बहिणीला किती वर्षांची शिक्षा होऊ शकते, हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. पण "तसं नको होतं" असं काही ती म्हणाली नाही.

नवऱ्याला त्याच दुपारी आणलं. शिफ्टच्या कपड्यांतच होता. मध्यमवयीन, बारीक, बोलायला मऊ. आधी म्हणाला, पेणला जातच नाही. मोबाइलचं लोकेशन दाखवलं. मग म्हणाला, मेव्हणी एकटी असते, सिलिंडर लावून द्यायला, पंखा दुरुस्त करायला जातो. बाटलीवरच्या लेबलचा फोटो समोर ठेवला तसा त्याला घाम सुटला. थोडं पाणी प्याला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, खरं सांगतो. बाहेर सांगू नका. आमच्या दोघांचं... तसं हाय. म्हणून जातो मी. एकदा तिने कसलं तरी लेबल लिहून मागितलं, लिहून दिलं. बाटलीत काय हाय ते मला ठाऊक नाय." आणि लगेच विचारलं, "ते आता गुन्हा नाय ना साहेब? कायदा बदलला ना?"

माझ्या खोलीला प्लायवूडची भिंत होती. पलीकडच्या बाकावर थोरली बसलेली होती. तिने सगळं ऐकलं. मी बाहेर आलो तेव्हा ती उभी होती. मला वाटलं, आता रडेल, ओरडेल. तिच्या चेहऱ्यावर मात्र मोठं ओझं उतरल्यासारखी शांतता होती.

"बघा साहेब," ती म्हणाली. "मी म्हणत होते ना?"

खरं सांगायचं तर अर्धा तास माझाही त्याच्यावर विश्वास बसला. एवढी लाजेची गोष्ट माणूस खोटी कशाला सांगेल? चहा पिताना त्याचा शेवटचा प्रश्न पुन्हा आठवला. लाजलेला माणूस आधी बायकोला कळेल का म्हणून विचारतो. याने आधी कायदा विचारला होता. हा माणूस लहान चिखलात मुद्दाम पाय घालत होता, मोठ्या चिखलात बुडू नये म्हणून.

मी धाकटीला कोठडीतून बोलावलं. महिला हवालदार शेजारी होती. दाजी काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. त्यात माझा हेतू काही शुद्ध नव्हता. ती तुटावी म्हणूनच सांगितलं.

तीन दिवस खाली बघून बसलेली बाई एकदम ताठ झाली.

"काय बोलला तो?"

मी पुन्हा सांगितलं.

"ताईने ऐकलं?"

"ऐकलं."

"तिला आणा इथं. आत्ता आणा. मग काय लिहायचं ते लिहा."

थोरली आत आली आणि दाराशीच थांबली. धाकटी खुर्चीतून उठली. हवालदार तिला म्हणाली, "बस गो, बसून बोल." ती बसली नाही.

"ताई, तू हे खरं मानलंस?"

"त्यांनी सोताच्या तोंडाने सांगितलं."

"त्यांनी सांगितलं म्हणून? का तुला आधीच तसं वाटत होतं?"

थोरलीने दाराची चौकट धरली.

"मी तीन दिवस इथं तोंड शिवून बसले, ते कुणासाठी? तुझं घर मोडू नये म्हणून. साहेब मला वर्षं मोजून दाखवतात, मी म्हणते माझंच हाय, माझंच हाय. आणि तू बाहेर बसून हे ऐकून गप्प राहिलीस?" मग ती माझ्याकडे वळली. "लिहा साहेब. बाटल्या दाजी आणायचे, गिऱ्हाइकांना दाखवायला चॉकलेटं पण तेच न्यायचे. पहिल्यांदा म्हणाले औषध हाय, परदेशात दुकानात मिळतं. मी भोळी नाय. दुसऱ्या खेपेला मला कळलं होतं काय हाय ते. तरी मी थांबले नाय, ते माझं पाप. मला शिक्षा द्या. पण ताईच्या नवऱ्याकडे मी कधी वाकड्या नजरेने बघितलं नाय, हे पण लिहा. ते पहिलं लिहा."

मी तिला सांगितलं, की पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, माल निघाला तर टिकतो. ती म्हणाली, "मग माल घ्या. रोह्याला हाय. ताईच्याच घरात, माळ्यावर. दाजी म्हणायचे, तिथं कुणाचा हात जात नाय."

थोरलीने पिशवीतून घराची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

रोहा ठाण्याला कळवून, नवीन पंच घेऊन संध्याकाळच्या आत नवऱ्याला घेऊन थोरलीच्या घरी पोहोचलो. दोन खोल्या, झाडून-पुसून लख्ख. माळ्यावर पत्र्याचे चार डबे. कुठल्यात काय ते तिलाच माहीत, म्हणून तीच स्टुलावर चढली आणि एकेक डबा खाली दिला. तिसऱ्या डब्यात उन्हाळ्यात केलेले पोह्याचे पापड होते. पंचांनी चवड उचलली तर तळाशी फडक्यात गुंडाळलेल्या तीन बाटल्या. तेच लेबल, तीच तिरकी रेघ. तिच्यासमोरच त्या मोजल्या, सील केल्या. नवऱ्याने बाटल्या पाहिल्या आणि तो जमिनीवरच बसला. पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला, तोही आमच्या बाजूने. अर्क मुंबईच्या ज्या माणसाकडून यायचा त्याच्यापर्यंत दुसरं पथक पोहोचलं. ती वेगळी गोष्ट.

पंचनाम्यावर सह्या झाल्यावर थोरली मला बाजूला म्हणाली, "साहेब, म्हणजे त्या दोघांचं तसं काही नव्हतं?"

"नव्हतं," मी म्हणालो. "तपासात तसं काहीही आलेलं नाही."

उघड्या डब्यातले पापड तिने पुन्हा चवड करून लावायला घेतले. दोन-तीन लावले आणि हात थांबला.

"असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

तसं असतं तर ती फसवली गेलेली बायको ठरली असती, आणि सगळ्या जगाने तिची बाजू घेतली असती. आता तिच्याकडे काय उरलं होतं? चोर नवरा, आणि तिचं घर वाचवायला तुरुंगात बसलेली बहीण.

खटला उभा राहिला तोपर्यंत मी निवृत्त झालो होतो. साक्षीसाठी अलिबागला जात असे. थोरली सरकारी साक्षीदार होती. नवऱ्याच्या वकिलाने तिला बरोबर दुखऱ्या जागी पकडलं.

"तुम्ही तुमच्या बहिणीवर जळत होतात, हे खरं आहे का?"

सगळं कोर्ट तिच्याकडे बघत होतं. सरकारी वकील हरकत घ्यायला उठत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "व्हय."

"मग जळण्यातूनच तुम्ही ही खोटी केस उभी केलीत."

"जळत होते ते खरं हाय. बाटल्या पण खऱ्या हायत."

त्या एका उत्तराने उलटतपासणी तिथेच संपली. मी अनेक साक्षीदार तयार केले, असं उत्तर कुणाला शिकवता आलं नसतं. नवऱ्याला मोठी शिक्षा झाली. धाकटीलाही झाली, त्याच्याहून कमी. तिने मुद्दाम केलं होतं, आणि ते मुलांच्या खाऊशेजारी ठेवलं होतं. तिला सोडा असं माझंही म्हणणं नव्हतं.

निकालाच्या दिवशी थोरली धाकटीसाठी कपड्यांची पिशवी घेऊन आली होती. कोर्टाची परवानगी घेऊन हवालदाराने ती धाकटीच्या हातात दिली. धाकटीने ती घेतली, छातीशी धरली. थोरली तीन पावलांवर उभी होती, तिच्याकडे तिने पाहिलं नाही. गाडीत चढताना मात्र एकदा म्हणाली, "ताई, घरी जा आता. ऊन हाय." तेव्हाही बघितलं नाही.

लोक मला विचारतात, खबर खरी की खोटी हे कसं ओळखता? आधी मी लांबलचक उत्तर द्यायचो. या प्रकरणानंतर ते बंद केलं. थोरलीची खबर खरी होती. तिच्याइतकी अचूक नजर माझ्या कुठल्या खबऱ्याची नव्हती. नवरा लपवतो हे तिला कळलं, शनिवार कळला, पिशवी कळली. फक्त या सगळ्याचा अर्थ तिने आपल्या जुन्या जखमेतून लावला, आणि मीही तिची खबर लिहून घेताना ती जखम बायकांचं बोलणं म्हणून सोडून दिली. मत्सर माणसाला आंधळं करतो म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. मत्सर करणाऱ्या माणसाला फार दिसतं, आणि जे दिसतं ते सगळं एकाच दिशेला दिसतं.

राहिलेल्या नोकरीत मी एक सवय लावून घेतली. कुणी नातेवाईकाविरुद्ध, शेजाऱ्याविरुद्ध, मित्राविरुद्ध खबर घेऊन आलं, की सगळं लिहून घेतल्यावर शेवटी विचारायचो, "त्या माणसाचं काय व्हावं असं तुम्हाला वाटतं?" बहुतेक जण पटकन उत्तर द्यायचे. काही जण मात्र गप्प व्हायचे. त्यांच्यासाठी मी चहा मागवायचो आणि थांबायचो.